गावातील सेवा क्लबचा आरंभ कागदोपत्री कसा शोधावा : कोकणातील कार्यकर्त्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

रोटरी, लायन्स, जेसीज किंवा इनरव्हील यांपैकी एखाद्या क्लबचा इतिहास लिहायला बसलेले बहुतेक कार्यकर्ते काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. ते आधी रौप्यमहोत्सवी स्मरणिका उघडतात, तिच्यातील स्थापनेची तारीख उचलतात आणि मग त्या तारखेला दुजोरा देणारे कागद शोधू लागतात. स्मरणिकेतील तारीख मात्र बहुधा कोणाच्या तरी आठवणीतून आलेली असते, आणि पुढे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ती जशीच्या तशी उतरली की दोन ठिकाणी छापली गेल्यामुळे ती खरी वाटू लागते. एका आठवणीची नक्कल म्हणजे दुसरा पुरावा नव्हे. म्हणून स्मरणिका शेवटी वाचायची, या एका नियमावर पुढील सर्व टप्पे उभे आहेत.

टप्पा १ : कोणती तारीख शोधायची ते आधी ठरवा

क्लबला एकच जन्मतारीख नसते. गावातील चार-पाच मंडळी कोणाच्या तरी ओसरीवर किंवा वाचनालयाच्या खोलीत पहिल्यांदा जमली तो दिवस, तात्पुरती कार्यकारिणी नेमली तो दिवस, आंतरराष्ट्रीय संघटनेने क्लबला प्रवेश देऊन सनद (चार्टर) मंजूर केली तो दिवस, प्रांतपालांच्या (डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या) हस्ते समारंभपूर्वक सनद स्वीकारली तो दिवस आणि संस्था किंवा न्यास म्हणून सरकारदरबारी नोंदणी झाली तो दिवस, असे पाच दिवस निरनिराळे असतात. पहिल्या आणि शेवटच्या दिवसांत काही वर्षांचेही अंतर पडू शकते. वहीत या पाच तारखांसाठी पाच स्वतंत्र पाने ठेवा आणि मिळेल ती नोंद त्या-त्या पानावरच लिहा. क्लबचा वर्धापनदिन नेमका कोणता यावरून होणारे बरेचसे वाद, एक जण सनदमंजुरीची आणि दुसरा समारंभाची तारीख धरून बोलत असतो एवढ्यामुळेच होतात.

त्याच वहीच्या आतल्या पानावर चार तारखा लिहून ठेवा. त्या इतिहास म्हणून नव्हे, तर चाळणी म्हणून लागतात. रोटरीची सुरुवात शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी झाली; मुंबईचा रोटरी क्लब १९२९ मधला आहे; लायन्सची संघटना १९१७ मधली असली तरी ती भारतात आली १९५६ मध्ये; आणि रोटरीने स्त्रियांना सभासदत्व देणारा नियमबदल १९८९ मध्ये केला. आपल्या तालुक्यात १९५० साली लायन्स क्लब होता असे कोणी सांगितले, तर त्या माणसाला खोटे न ठरवता ती मंडळी त्या वेळी कोणत्या नावाने काम करीत होती ते विचारा. तसेच १९६५ च्या सुमाराच्या एखाद्या ‘रोटरी’च्या यादीत स्त्रियांची नावे दिसली, तर ती यादी इनरव्हीलची, म्हणजे रोटरीशी जोडलेल्या स्त्रियांच्या क्लबची, असण्याचा संभव मोठा, कारण दोन्ही क्लबांचे कागद पुष्कळदा एकाच ट्रंकेत राहत आले आहेत.

टप्पा २ : जिल्हा आणि नाव यांचा घोळ निस्तरा

कोकणात सर्वाधिक वेळ वाया जातो तो चुकीच्या जिल्ह्यात शोधण्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवण, कणकवली, वेंगुर्ले किंवा सावंतवाडी येथील त्यापूर्वीची कागदपत्रे रत्नागिरीच्या शीर्षकाखाली शोधावी लागतात. रायगड हे नाव १९८१ च्या जानेवारीपासूनचे. त्याआधी तो कुलाबा जिल्हा. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात होते. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, म्हणून त्यापूर्वीच्या सार्वजनिक संस्थांची नोंद ब्रिटिश मुलखाच्या दप्तरात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सेवा क्लबांचे स्वतःचे प्रांत शासकीय जिल्ह्यांशी जुळत नाहीत. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग रोटरीच्या ३१७० या प्रांतात कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याबरोबर आहेत, तर रायगड पुण्याबरोबर ३१३१ मध्ये आहे. जुन्या कागदांवर प्रांताचे आकडे तीनच असतात. ते पाहून हा दुसराच क्लब असावा असे समजू नका.

नावाची सर्व रूपे एका पानावर मांडा : ‘रोटरी क्लब ऑफ अमुक’, ‘अमुक रोटरी क्लब’, ‘रोटरी मंडळ’, ‘लायन्स’, ‘लायन्झ’, ‘जेसीज’, ‘ज्युनिअर चेंबर’, आणि गावाची ‘वेंगुर्ला’ व ‘वेंगुर्ले’ अशी दोन्ही रूपे. कार्यालयातील कारकून सूचीत एकाच अक्षराखाली पाहतो आणि नाव नाही म्हणून सांगतो. दुसरे अक्षर तुम्हीच सुचवायचे असते.

*पडताळणी :* पुढे जाण्यापूर्वी वहीत पाच तारखांची पाने, चाळणीच्या चार तारखा, जुना जिल्हा आणि नावाची रूपे एवढे आहे ना, ते पाहा.

टप्पा ३ : क्लबचे स्वतःचे दप्तर

आपल्याकडे क्लबला कार्यालय क्वचितच असते. दप्तर त्या-त्या वर्षीच्या सचिवाच्या घरी जाते आणि सचिव बदलला तरी ते सगळे पुढे जातेच असे नाही. पहिल्या दहा वर्षांतील अध्यक्ष व सचिवांची नावे घेऊन त्यांच्या घरांची यादी करा. त्यांतली निम्मी घरे बंद असतील, कारण मुले मुंबईला. ती मंडळी गणपतीला आणि मे महिन्यात येतात. गणपतीत भेटून फक्त परवानगी मागा. पोटमाळ्यावरची ट्रंक त्या दिवसांत उघडू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत जुने कागद एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते ओढले की अक्षरांसह पापुद्रा निघतो. कागद बाहेर काढण्याचे काम दिवाळीनंतर पाऊस पडेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावे.

ट्रंक उघडल्यावर आधी आहे त्या स्थितीत तिचे छायाचित्र घ्या, मग गठ्ठे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने क्रमांक द्या. वर्षवार लावण्याचा मोह आवरा. कोणता कागद कोणत्या कागदाला लागून होता यावरूनच पुष्कळदा बिनतारखेच्या कागदाचे वर्ष कळते. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका. कागद सपाट ठेवून टाचणीचे टोक आधी सैल करा. वाळवी किंवा कसर दिसली तर तो गठ्ठा वेगळ्या खोक्यात ठेवा. ओला कागद उन्हात वाळवू नका, टीपकागदांच्या मध्ये सावलीत वाळू द्या.

*इशारा :* फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका आणि सनदेला लॅमिनेशन करू नका. टेपचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि शाई खातो. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही.

आता वाचन. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे इतिवृत्ताची पहिली वही, आणि नेमकी तीच वाचताना चूक होते. एका क्लबच्या दप्तरात मला हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही मिळाली होती. सगळे तिला ‘पहिली वही’ म्हणत आणि तिच्या पहिल्या पानावरची तारीख स्थापनेची म्हणून फलकावरही गेली होती. त्या पानावरचा पहिलाच ठराव असा होता : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.’ मागील सभा होती, तिचे इतिवृत्तही लिहिलेले होते, म्हणजे या वहीच्या आधी आणखी एक वही होती. त्याच पानाच्या तळाशी, जमाखर्चाच्या ठरावात, ‘मागील बाकी’ म्हणून काही रुपये आणि आणे पुढे ओढलेले होते. शिल्लक आहे त्या अर्थी आधी वर्गणीही गोळा झालेली होती. ते पान इतकी वर्षे अनेकांनी पाहिले, पण पाहिली ती केवळ तारीख.

म्हणून पहिल्या वहीच्या पहिल्या पानाला चार प्रश्न विचारा. मागील सभेचा उल्लेख आहे काय? बाकी पुढे ओढली आहे काय? ठरावांना क्रमांक असतील तर ते एकपासून सुरू होतात काय? अध्यक्ष ‘निवडण्यात आले’ असे लिहिले आहे, की त्यांच्या अध्यक्षतेखाली सभा ‘झाली’ असे? निवड झाल्याचे लिहिले असेल तर तुम्ही आरंभाच्या जवळ आहात. सभा नुसती झाली असेल तर आणखी मागे जावे लागेल.

इतिवृत्तानंतर वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत पुस्तके, हजेरीपट आणि बँकेचे पासबुक पाहा. पासबुक दुर्लक्षिले जाते; पण खाते उघडण्याची तारीख बँकेने लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यावर क्लबच्या कोणाच्याही आठवणीचा परिणाम झालेला नसतो.

टप्पा ४ : बिनतारखेच्या कागदाचे वय ठरवा

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. पावतीवर आणे-पै छापलेले असतील तर पावतीपुस्तकाची छपाई बहुतेक त्याआधीची किंवा त्या सुमाराची. ‘न. पै.’ (नवे पैसे) छापलेले असेल तर छपाई १ एप्रिल १९५७ नंतरची, आणि ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळला, हे ध्यानात ठेवावे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड छापला असेल तर ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे असूच शकत नाही. ‘मुंबई राज्य’ १ मे १९६० पर्यंत आणि ‘जि. कुलाबा’ १९८० अखेरपर्यंत.

या खुणांतील एक फरक विसरला जातो. नवी गोष्ट छापलेली असेल तर ती पक्की मर्यादा घालते, कारण पिनकोड सुरू होण्याआधी कोणी पिनकोड छापणार नाही. जुनी गोष्ट छापलेली असेल तर ती तशी मर्यादा घालत नाही, कारण छापलेले पॅड संपेपर्यंत वापरायचे ही आपली रीत आहे. ‘जि. कुलाबा’ छापलेल्या कागदावर १९८३ साली लिहिलेले पत्र सापडले तर त्यात नवल नाही.

*इशारा :* रोटरी, लायन्स आणि इनरव्हील हे क्लब जुलै ते जून असे वर्ष धरतात. ‘१९६८-६९ चे अध्यक्ष’ म्हणजे १ जुलै १९६८ पासूनचे. जानेवारी १९६८ मधील कागदावर सही करणारे अध्यक्ष आधीच्या वर्षाचे असतात. स्मरणिकांतील अध्यक्षांच्या याद्या एका वर्षाने सरकतात त्या बहुधा येथेच.

टप्पा ५ : मुख्यालयाला पत्र

हे पत्र कामाच्या पहिल्याच आठवड्यात पाठवावे, कारण उत्तराला वेळ लागतो. रोटरीचे मुख्यालय अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एव्हन्स्टन येथे आणि लायन्सचे त्याच राज्यातील ओक ब्रूक येथे आहे. विद्यमान अध्यक्ष किंवा सचिवाच्या सहीने, क्लबचा क्रमांक लिहून, फक्त तीन गोष्टी मागाव्यात : प्रवेशाची तारीख, सनदधारक (सनद मिळाली तेव्हाच्या) सभासदांची यादी आणि पुरस्कर्त्या क्लबचे, म्हणजे ज्या जुन्या क्लबने आपला क्लब उभा करायला मदत केली त्याचे, नाव. पुरस्कर्ता क्लब कळला की शोधाची दुसरी वाट उघडते, कारण आपल्या गावच्या पहिल्या सभेचा वृत्तान्त त्या शहरातील क्लबच्या इतिवृत्तात किंवा मुखपत्रात आलेला असू शकतो.

*इशारा :* अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. तेथून आलेल्या कागदावर ०३/०६ असे असेल तर तो ६ मार्च आहे, ३ जून नव्हे. दोन्ही आकडे बारा किंवा त्याहून लहान असतील तेव्हा ही चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. महिना अक्षरांत लिहून पाठवा, अशी विनंती पत्रातच करावी.

क्लब मध्यंतरी बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर मुख्यालयाच्या नोंदीत नंतरचा प्रवेशच दिसू शकतो. हाती असलेल्या कागदांपेक्षा ती तारीख बरीच अलीकडची आली, तर जुनी सनद रद्द झाली होती काय, असे सरळ विचारा.

टप्पा ६ : धर्मादाय कार्यालय

येथे जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. क्लब आणि क्लबचा न्यास या दोन वेगळ्या गोष्टी असतात. अनेक क्लब वर्षानुवर्षे नोंदणीवाचून काम करतात आणि सभागृह, रुग्णवाहिका किंवा शाळेसाठी पैसा उभा करण्याची वेळ आली की न्यास नोंदवतात. न्यासाच्या प्रमाणपत्रावरील तारीख क्लबची स्थापना म्हणून लिहिणे ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक आहे.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० चा आहे आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. दोन्हींची कागदपत्रे आज धर्मादाय कार्यालयात पाहावी लागतात. संस्था म्हणून नोंदलेल्या न्यासाचा क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. क्रमांक ठाऊक असेल तर परिशिष्ट १ चा उतारा, मूळ अर्ज, घटनापत्र व नियमावली आणि विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालील सर्व बदल अर्ज यांच्या नकला मागा. बदल अर्ज कंटाळवाणे दिसतात, परंतु कोणता विश्वस्त कधी वारला, कोण कधी आला, हे तारखांसह तेथेच मिळते.

घटनापत्रावर किमान सात जणांच्या सह्या लागतात. त्यामुळे सह्या करणारे सात जण म्हणजेच संस्थापक, असा समज पसरतो. त्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊ शकलेले ते सात जण असू शकतात. संस्थापकांची नावे सनदधारकांच्या यादीशी ताडून मगच लिहावीत.

नकला मिळण्यात अडचण आली तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नोंदणी क्रमांक, वर्ष व कागदाचे नाव नेमके लिहा. तीस दिवसांची मुदत असते. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिलेला अर्ज बहुधा परत येतो.

टप्पा ७ : वृत्तपत्रांच्या फायली

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे, सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर. अशा वाचनालयांतून स्थानिक पत्रांच्या कोणत्या फायली शिल्लक आहेत याची चौकशी आधी फोनवर करून मगच निघावे. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण आणि महाड या दोन्ही ठिकाणी पाणी भरले, त्यामुळे पूर्वी कोणी तेथे पाहिलेली फाईल आज जागेवर असेलच असे धरून चालू नये. ‘बलवंत’, ‘वैनतेय’, ‘सागर’, ‘कृषीवल’ यांपैकी ज्या पत्राचा तुमच्या तालुक्यात खप होता ते आधी घ्या. मुंबईच्या दैनिकांत कोकणच्या तालुक्यातील क्लबची बातमी आलीच तर चार ओळींची येते.

फाईल पहिल्या पानापासून चाळू नका. मुख्यालयाने कळवलेली प्रवेशाची तारीख मध्ये धरून तिच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे सहा महिने वाचा. सनद प्रदान समारंभ प्रवेशानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होतो आणि बातमी येते ती समारंभाची. त्यानंतर पुढील दोन वर्षांचे केवळ जुलैचे अंक पाहा, पदग्रहणाच्या बातमीत कार्यकारिणीची पूर्ण नावे येतात. साप्ताहिकात ‘गेल्या रविवारी’ असे असेल तर अंकाच्या तारखेवरून मागे मोजा आणि दिनदर्शिकेवर तो वार खरोखर जुळतो ना, ते पाहा.

*पडताळणी :* बातमीचे कात्रण असले तरी ते कोणत्या अंकातले हे ठाऊक नसेल, तर तो अद्याप पुरावा नव्हे. अंकाच्या मथळ्याचे छायाचित्र त्याच वेळी घ्या. नंतर पुन्हा जाणे होत नाही.

टप्पा ८ : नगरपालिका, जमीन आणि कोनशिला

बसथांब्याची शेड, पाणपोई, स्मशानभूमीतील निवारा यांवरील कोनशिला टिपून घ्या, पण त्यांतून कळते ते बांधकामाचे वर्ष. क्लबला जागा दिली असेल तर नगरपालिकेच्या ठरावाची वही, मिळकत पत्रिका किंवा सातबाऱ्यावरील फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांची ‘इंडेक्स टू’) पाहावी. रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर सुधारित स्वरूपात १९६२ मध्ये आणि कुलाब्याचे १९६४ मध्ये निघाले. दोन्हींत स्वयंसेवी संस्थांवर प्रकरण आहे. तेथे क्लबचे नाव असेल तर तो त्या सुमारास होता, एवढे ठरते. नाव नसेल तर काहीच ठरत नाही.

टप्पा ९ : ज्येष्ठांच्या मुलाखती

हे काम मुद्दाम इतक्या उशिरा ठेवले आहे. कागद हाती नसताना विचारले की आपण फक्त ऐकतो; कागद घेऊन गेलो की आठवण जागी होते. ‘काका, क्लब कधी सुरू झाला?’ असे विचारल्यास स्मरणिकेतलेच वर्ष ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘काका, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा क्लबतर्फे कपडे गोळा केले होते का?’ तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आणीबाणी जून १९७५ ची, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. अशा खुणांच्या अलीकडे-पलीकडे आठवण लावून घेता येते. जुना गटफोटो नेला असेल तर प्रत्येकाचे नाव मागे पेन्सिलीने लिहून घ्या. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि काकांनी सांगितलेले कागदाशी जुळले नाही तर तेथे वाद घालू नका. दोन्ही लिहून ठेवा.

टप्पा १० : निकाल लिहिणे

पाचही पानांवर आता नोंदी असतील, काहींवर परस्परविरोधी. घटनेच्या वेळी लिहिलेला कागद नंतर लिहिलेल्या कागदापेक्षा वरचा. तिऱ्हाइताने लिहिलेला, म्हणजे बँकेचा, वृत्तपत्राचा किंवा कार्यालयाचा, क्लबने स्वतःबद्दल लिहिलेल्या कागदापेक्षा तारखेच्या बाबतीत वरचा. आता स्मरणिका उघडा. तिच्यातील तारीख पाचांपैकी एखाद्या पानाशी जुळली तर लेखकाने कोणता दिवस धरला होता ते कळेल. कोणत्याच पानाशी जुळली नाही, तर तसे नमूद करून ती बाजूला ठेवा.

मजकुरात ‘स्थापना’ हा शब्द एकटा वापरू नये. ‘पहिली सभा अमुक दिवशी झाली, असे इतिवृत्ताच्या अमुक पानावर आहे, सनद अमुक दिवशी मंजूर झाली, असे मुख्यालयाच्या पत्रात आहे’, अशी वाक्ये लिहावीत, आणि ज्या तारखेसाठी कागद मिळाला नाही तिची जागा मोकळी सोडावी. पुढे कोणाच्या तरी पोटमाळ्यावर ती आधीची वही निघेल, तेव्हा तिथे तारीख भरता येईल.

मूळ कागद ज्या घरातून आणले त्या घरी यादीसह परत करा आणि यादीवर सही घ्या. ती मंडळी कागद देऊन टाकायला तयार असतील तर क्लबच्या कपाटात न ठेवता गावच्या वाचनालयाला द्या, पोच घ्या, आणि सर्व छायाचित्रांची एक प्रत समुद्र किंवा नदीपासून दूर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सभासदाकडे ठेवा.